मातेकडून अर्भकाकडे : एचआयव्ही संक्रमणाची रेणुपातळीवरील वाट

उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित मातेच्या उदरी जन्मलेल्या आणि तिच्याच स्तन्यावर वाढणाऱ्या शंभर अर्भकांपैकी साधारणतः १५ ते ४५ अर्भकांना या विषाणूचा संसर्ग होतो. हा आकडा आपण नेहमी एकाच बाजूने वाचतो. दुसऱ्या बाजूने वाचला असता असे दिसते की, नऊ महिने त्या मातेच्या रक्तावर पोसली जाऊन, तिच्या योनिमार्गातून बाहेर येऊन आणि पुढे कित्येक महिने दिवसातून अनेकदा तिचे दूध पिऊनही निम्म्याहून अधिक अर्भके निरोगी राहतात, आणि तीही कोणतेही औषध दिलेले नसताना. विषाणूस अर्भकापर्यंत पोहोचण्यात नेमकी कोणती अडचण येते, ती कोठे व कशी दूर होते, आणि ती अडचण आपणांस वाढविता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय आपल्या वैद्यवर्गाचा नाही, तो एआरटी केंद्रांचा आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु मासानुमासिक गर्भिणीपरिचर्येसाठी, सूतिकेच्या काढ्यांसाठी, स्तन्य कमी येते म्हणून, स्तनास गाठ धरली म्हणून आणि बाळाच्या गुटीसाठी स्त्रिया आजही आपल्याकडेच येतात. त्यांतील एखादी एचआयव्हीबाधित असू शकते, आणि ती ते सांगेलच असे नाही. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, या संक्रमणाच्या तीन द्वारांपैकी तिसऱ्या द्वाराशी तर आपणच उभे असतो.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे जे सात प्रकार सांगितले, त्यांपैकी आदिबलप्रवृत्त म्हणजे शुक्रशोणिताच्या दोषातून आलेले व जन्मबलप्रवृत्त म्हणजे गर्भावस्थेत मातेकडून आलेले, हा भेद येथे उपयोगी पडतो. बाधित मातेचे मूल बाधित झाले की घरची माणसे 'रक्तातूनच आले' असे म्हणून मोकळी होतात. वस्तुतः हा विषाणू बीजाच्या गुणसूत्रांवाटे पुढील पिढीत उतरत नाही. म्हणजे तो आदिबलप्रवृत्त नव्हे. गर्भाशयात झालेला संसर्ग जन्मबलप्रवृत्ताच्या जवळ जातो, तर प्रसूतीच्या वेळी वा स्तन्यातून झालेला संसर्ग हा सरळसरळ संसर्गजच होय. या वर्गीकरणाचे महत्त्व केवळ शास्त्रचर्चेपुरते नाही. जे बीजातून येते ते टाळता येत नाही. जे संसर्गाने येते ते टाळता येते. या व्याधीस ओजक्षय म्हणावे की राजयक्ष्मा, यावर आपल्या परिसंवादांतून बरीच शाई खर्च झाली आहे. अर्भकाच्या बाबतीत त्या नामकरणाने काहीही निष्पन्न होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

विषाणू आणि त्याची किल्ली

एचआयव्हीच्या एका कणाचा व्यास सुमारे १०० ते १२० नॅनोमीटर असतो. दहा हजार कण एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. आत शंकूच्या आकाराचे प्रथिनांचे कवच, त्यात आरएनएच्या दोन प्रती, प्रत्येकी सुमारे ९,७०० अक्षरांची, आणि एकूण जनुके केवळ नऊ. बाहेर मेदाचे आवरण असून ते ज्या पेशीतून विषाणू बाहेर पडला त्याच पेशीकडून घेतलेले असते. या आवरणावर थोडेच कंटक असतात. प्रत्येक कंटक जीपी१२० व जीपी४१ या प्रथिनांच्या तीन-तीन प्रतींचा बनलेला असतो. जीपी१२० चे निम्मे वजन शर्करासाखळ्यांचे असते. त्या शर्करा मानवी पेशीनेच चढविलेल्या असल्यामुळे आपल्या प्रतिकारयंत्रणेस त्या परक्या वाटत नाहीत. शत्रूने आपल्याच सैन्याचा गणवेश घालावा तसा हा प्रकार आहे.

पेशीत शिरण्यासाठी विषाणूस दोन ग्राही लागतात. पहिला सीडी४. जीपी१२० त्यास चिकटला की त्याची घडी बदलते आणि आजवर झाकलेला एक भाग उघडा पडतो. हा उघडा भाग दुसऱ्या ग्राहीस, म्हणजे बहुधा सीसीआर५ या प्रथिनास, बिलगतो. सीसीआर५ चे हे कार्य १९९६ साली उजेडात आले. त्यानंतर आत दडलेला जीपी४१ उसळून पेशीच्या आवरणात भाल्यासारखा रुततो, मग स्वतःवरच दुमडतो, आणि त्या दुमडण्याच्या ओढीने विषाणूचे व पेशीचे आवरण एकमेकांत मिसळते. आत गेल्यावर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर आरएनएवरून डीएनए बनविते व इंटिग्रेज हे विकर तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकते. एकदा हा टाका पडला की ती पेशी जिवंत असेतोवर तो उसवत नाही.

या सर्व वर्णनातून आपल्या विषयासाठी एकच गोष्ट घ्यावयाची आहे. ज्या पेशीवर सीडी४ व सीसीआर५ दोन्ही आहेत, तीच या विषाणूचे खरे घर होय. माता व अर्भक यांच्या मध्ये ज्या पेशींची भिंत आहे, त्या पेशींवर हे ग्राही जवळजवळ नसतात. तेव्हा विषाणूस एक तर ती भिंत न मोडता ओलांडावी लागते किंवा ती मोडण्याची वाट पाहावी लागते.

अपरा

मातेचे व गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. त्यामागे अपरेच्या रसांकुरांवर पसरलेला सिन्सिशियोट्रोफोब्लास्ट नावाचा थर आहे. हा थर विलक्षण आहे. शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून झालेला तो एकच अखंड पडदा असून त्यात पेशींच्या सीमाच नाहीत. सीमा नाहीत म्हणून फटीही नाहीत. एरवी अंतस्त्वचेतील पेशींच्या फटींतून श्वेतकण शिरतात, तशी सोय येथे नाही. पूर्ण वाढलेल्या अपरेत या पडद्याचे क्षेत्रफळ १० चौरस मीटरांहून अधिक भरते. एवढ्या विस्तृत पृष्ठभागावर मातेचे रक्त महिनोन्महिने खेळत असताना गर्भावस्थेत शंभरांपैकी केवळ ५ ते १० गर्भांना बाधा व्हावी, आणि तीही बहुतांशी अखेरच्या दोन महिन्यांत, ही या पडद्याची कर्तबगारी आहे.

तरीही वाट निघते. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की, रक्तद्रवात सुटे तरंगणारे विषाणू या पडद्यास फारसे पार करीत नाहीत. परंतु बाधित लिम्फोसाइट पडद्यास येऊन चिकटला की त्या स्पर्शस्थळी विषाणूंचा लोंढा सुटतो व त्यांतील काही कण सूक्ष्म पिशव्यांत बसून पलीकडे उतरतात. पलीकडे रसांकुराच्या गाभ्यात गर्भाच्या स्वतःच्या महाभक्षक पेशी असतात. त्यांना हॉफबाउअर पेशी म्हणतात. त्यांवर सीडी४ आहे, सीसीआर५ आहे, आणि विषाणूच्या शर्करा पकडणारे डीसी-साइन हे प्रथिनही आहे. येथे विषाणूस घर सापडावयास हवे. पण गर्भ टिकावा म्हणून अपरेत इंटरल्युकिन-१० सारखे शामक रेणू भरपूर असतात, आणि त्यांच्या प्रभावाखाली या पेशी विषाणूची वाढ मंद ठेवतात. गर्भधारणेची शांतता राखणारी यंत्रणाच येथे रक्षक ठरते.

म्हणूनच ही शांतता बिघडविणारी प्रत्येक गोष्ट धोक्याची आहे. गर्भावरणशोथ झाला की तेथे बाधित श्वेतकण गोळा होतात, शोथकारक रेणू वाढतात व पडदा झिजतो. गर्भिणीचा योनिस्राव, मूत्रदाह, फिरंग यांकडे 'गर्भारपणात असे व्हायचेच' म्हणून पाहणे कोणत्याही गर्भिणीच्या बाबतीत अयोग्य. येथे ते अधिकच महागात पडते.

प्रसूतीचे काही तास

गर्भावस्थेचे नऊ महिने एका पारड्यात आणि प्रसूतीचे काही तास दुसऱ्या पारड्यात टाकले तर दुसरे पारडे जड भरते. शंभरांपैकी १० ते २० बाधा या काही तासांत घडतात. याचा एक साधा व बोलका पुरावा जुळ्यांचा आहे. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, योनिमार्गाने जन्मलेल्या जुळ्यांपैकी आधी जन्मलेल्यांत ५० टक्के बाधित आढळली, तर नंतर जन्मलेल्यांत १९ टक्के. गर्भाशय एक, माता एक, रक्त एक. पण पहिल्याने वाट पुसत जावे व दुसऱ्याने त्या पुसलेल्या वाटेने यावे, तसा हा प्रकार.

या काळात दोन वाटा एकदम उघडतात. पहिली अपरेतील. गर्भाशय आकुंचन पावू लागले की रसांकुरांना सूक्ष्म चिरा पडतात आणि मातेच्या रक्ताचे अत्यल्प थेंब गर्भाच्या रक्तात उतरतात. हे थेंब मोजावयाचे कसे? अपरेत तयार होणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर मातेच्या रक्तात असते, पण त्याचा रेणू इतका मोठा की अखंड पडद्यातून तो गर्भाकडे जाऊ शकत नाही. नाभिनाडीच्या रक्तात तो सापडला तर भिंतीस चीर पडली असे समजावे. मलावी देशातील मातांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच खूण वापरली गेली, आणि प्रसूतीकाळातील संक्रमणाशी तिचा संबंध आढळला.

दुसरी वाट अर्भकाच्या मुखाची. पाणमोट फुटल्यानंतर अर्भक मातेचे रक्त व योनिस्राव गिळते. नवजाताच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे प्रौढाच्या जठरात जो विषाणू मरावा तो येथे तगून आतड्यापर्यंत जातो. अंतस्त्वचेच्या पेशींवर सीडी४ नसला तरी गॅलॅक्टोसिल सेरामाइड हा मेदशर्करेचा रेणू असतो. विषाणू त्यास चिकटतो, पेशी त्याला आत ओढते, आणि त्यास संसर्ग न होता पिशवीत घालून दुसऱ्या बाजूस नेऊन सोडते. प्रयोगशाळेत या प्रवासास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. नवजाताच्या लसिकापेशी अननुभवी, म्हणून त्यांत सीसीआर५ कमी, असे पूर्वी समजत. रक्ताच्या बाबतीत ते खरे आहे. आतड्याच्या श्लेष्मल त्वचेत मात्र जन्मापूर्वीपासूनच सीसीआर५ धारण करणाऱ्या अनुभवी सीडी४ पेशी पुष्कळ असतात, असे २०१२ सालच्या संशोधनाने दाखविले. म्हणजे भिंतीपलीकडे विषाणूची वाट पाहणारे घर तयारच असते.

पाणमोट फुटून चार तासांहून अधिक वेळ गेल्यास धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे १९९६ साली आढळले. कळा सुरू होण्यापूर्वी नियोजित शस्त्रक्रियेने प्रसूती केल्यास तो १०.५ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर येतो, असे १९९९ च्या युरोपातील चाचणीत दिसले. आज मातेच्या रक्तातील विषाणू औषधांनी आटोक्यात असेल तर केवळ एचआयव्हीसाठी शस्त्रक्रियेची गरज उरत नाही.

कोणता विषाणू पार होतो

मातेच्या शरीरात विषाणूचा एकच वाण नसतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हा बेफिकीर लेखनिक आहे. दर काही प्रतींमागे तो एक चूक करतो, आणि दररोज अब्जावधी प्रती निघत असल्याने मातेच्या रक्तात परस्परांहून किंचित भिन्न अशा वाणांची जत्राच भरलेली असते. अर्भकात मात्र बहुधा त्यांपैकी एकच, फार तर दोन-चार वाण आढळतात. १९९२ पासून हे ठाऊक आहे. हे वाण सीसीआर५ वापरणारे असतात, आणि अनेक अभ्यासांत ते मातेच्या प्रतिपिंडांना दाद न देणारे आढळले आहेत.

यामागील कारण मोठे मार्मिक आहे. मातेचे आयजीजी प्रतिपिंड एफसीआरएन या ग्राहीच्या खांद्यावर बसून अपरा ओलांडतात व गर्भाच्या रक्तात साठतात. जे विषाणू या प्रतिपिंडांनी निष्प्रभ होतात ते गर्भात रुजू शकत नाहीत. जे निसटलेले, तेच रुजतात. आणखी एक अशीच गोष्ट एचएलए प्रथिनांची. मातेच्या पेशींवरील एचएलएस चकविण्याचा सराव विषाणूने वर्षानुवर्षे केलेला असतो. अर्भकाचे एचएलए मातेसारखेच असेल तर तो सराव तेथेही कामी येतो; पित्याकडून भिन्न एचएलए आलेले असेल तर विषाणूस नवा डाव शिकावा लागतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मातेशी अधिक एचएलए जुळणाऱ्या अर्भकांत बाधा अधिक आढळली. मातृज भाव व पितृज भाव असे आपण म्हणतो. येथे पितृज अंश बालकाच्या कामी आला असे म्हणावे लागते.

परंतु या सर्व बारकाव्यांवर मात करणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मातेच्या रक्तातील विषाणूंची संख्या. १९९९ च्या अमेरिकेतील अभ्यासात, एका मिलिलिटर रक्तद्रवात १,००० हून कमी प्रती असलेल्या ५७ मातांपैकी एकीचेही मूल बाधित झाले नाही. १ लाखाहून अधिक प्रती असलेल्यांत ४०.६ टक्के मुले बाधित झाली. भिंत कितीही चांगली असो, तिच्यावर आदळणारे किती, यावर सारे ठरते.

स्तन्य

तिसरे द्वार स्तन्याचे. दोन वर्षांपर्यंत स्तनपान चालल्यास, उपचार नसताना, शंभरांपैकी ५ ते २० अर्भके या वाटेने बाधित होतात. दुधात विषाणू दोन रूपांत असतो. सुटे कण, आणि दुधातील लसिकापेशींच्या गुणसूत्रात शिवलेला सुप्त डीएनए. आतड्यात पोहोचलेल्या अशा पेशी तेथे जाग्या होऊन विषाणू सोडू शकतात.

तथापि तेच दूध विषाणूचा प्रतिबंधही करते, आणि या गोष्टीकडे फार कमी लक्ष जाते. दुधातील लॅक्टोफेरिन, प्रतिपिंडे, २०१३ साली ज्याचा हा गुण कळला ते टेनॅसिन-सी प्रथिन, आणि दुधातील विशिष्ट शर्करा, या सर्वांची विषाणूस अडविण्याची क्षमता प्रयोगांत दिसली आहे. शर्करांचा मार्ग तर फारच चतुर आहे. श्लेष्मल त्वचेखालील ज्या डीसी-साइन प्रथिनाने विषाणूची शर्करा पकडावयाची, त्याच प्रथिनाचे मुख दुधातील रेणू आधीच व्यापून टाकतात. विषाणू दाराशी येतो तेव्हा कडी आधीच कोणीतरी धरलेली असते.

आता आपल्या व्यवसायाशी थेट निगडित भाग येतो. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील अभ्यासाने सर्वांना चकित केले. तीन महिन्यांच्या वयास, केवळ स्तन्यावर असलेल्या अर्भकांत बाधा १४.६ टक्के, मुळीच स्तन्य न दिलेल्यांत १८.८ टक्के, आणि स्तन्य व इतर पदार्थ दोन्ही दिलेल्यांत २४.१ टक्के. पहिल्या दोन गटांतील फरक फार मोठा नाही. तिसरा गट मात्र वेगळा उठून दिसतो, आणि आपल्याकडील घरांतील अनेक बाळे नेमकी या तिसऱ्या गटात मोडतात. पाणी, मध, गाईचे दूध, ग्राइप वॉटर, आणि आपली बाळगुटी, हे सर्व 'इतर पदार्थ'च होत.

मिश्र आहाराने धोका का वाढावा? आतड्यातील अंतस्त्वचेच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी घट्ट शिवलेल्या असतात. परकी प्रथिने व अस्वच्छ पाण्यातील जंतू तेथे शोथ निर्माण करतात, टाके सैल होतात, आणि शोथाच्या जागी सीसीआर५ धारण करणाऱ्या सीडी४ पेशी धावून येतात. भिंत सैल आणि मागे घर तयार. दुसरीकडे, पोट इतर पदार्थांनी भरल्यामुळे बाळ कमी चोखते, स्तनात दूध तुंबते, आणि स्तनातील दुग्धवाही पेशींचे टाकेही सैल पडतात. मग मातेच्या रक्तातील सोडियम दुधात उतरतो व त्याबरोबर विषाणूही. दुधातील सोडियम वाढणे ही अशा अव्यक्त स्तनशोथाची खूणच मानली जाते. प्रत्यक्ष स्तनविद्रधी वा चुचुकास भेगा असतील तर हे आणखी मोठ्या प्रमाणात घडते. स्तनविद्रधीसाठी आपल्याकडे आलेल्या सूतिकेस, ती बाधित असल्यास, त्या बाजूचे दूध बाळास न देता काढून टाकण्यास सांगणे व दुसऱ्या बाजूने पाजणे चालू ठेवणे, हे लेपाइतकेच महत्त्वाचे आहे.

सुवर्णप्राशनाचा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायाचा आधार आपण देतो, आणि 'ते औषध आहे, आहार नव्हे' असा युक्तिवादही करतो. परंतु प्रश्न नावाचा नसून अर्भकाच्या आतड्याचा आहे. मध व घृत हे त्या आतड्यास परकेच आहेत. (एक वर्षाच्या आत मध देण्यास बॉट्युलिझमच्या भयाने आधुनिक बालरोगतज्ज्ञांचा विरोध आहे, तो वेगळाच.) बाधित मातेच्या, अंगावर पिणाऱ्या बाळास पहिले सहा महिने सुवर्णप्राशन व गुटी देऊ नये, असे मला निःसंदिग्धपणे वाटते. एआरटी केंद्राने दिलेले नेव्हिरापिनचे पातळ औषध मात्र मिश्र आहारात मोडत नाही. ते बंद करण्याचा सल्ला आपल्यापैकी कोणी देऊ नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. डर्बनचे आकडे मातेस सलग औषधे मिळत नव्हती त्या काळातील आहेत. माता नियमित औषधे घेत असेल तर मिश्र आहार हे स्तनपान थांबविण्याचे कारण होऊ शकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट केले. म्हणजे घरच्यांनी चमचाभर पाणी पाजले म्हणून घाबरून बाळास अंगावरून तोडू नये.

औषधे कोठे आड येतात

१९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत झिडोव्ह्युडिनमुळे संक्रमण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. हे औषध थायमिडिनचे सोंग घेऊन डीएनएच्या साखळीत शिरते. पण पुढील दुवा जेथे जोडावयाचा तेथे त्याच्याकडे ॲझाइड गट असतो, आणि साखळी तेथेच तुटते. विशेष हे की, मातेच्या रक्तातील विषाणू कमी झाल्यामुळे या यशाचा अल्प भागच स्पष्ट होत होता. औषध अपरा ओलांडून गर्भाच्या पेशींत आधीच जाऊन बसल्याने विषाणू आला तरी तो रुजू शकत नव्हता.

१९९९ साली युगांडातील कंपाला येथे, कळा सुरू होताच मातेस नेव्हिरापिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी व बाळास तीन दिवसांच्या आत एक मात्रा, एवढ्यानेच संक्रमण जवळजवळ निम्म्यावर आले. भारतातील कार्यक्रमाने २००२ पासून हीच पद्धत स्वीकारली. तिची उणीवही रेणूंतच होती. नेव्हिरापिन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या एका खोबणीत बसते. त्या विकरातील १०३ क्रमांकाचे एक अमिनो आम्ल बदलले की खोबणीचे तोंड बंद होते. एका गोळीचा अंश मातेच्या रक्तात दोन-तीन आठवडे रेंगाळतो, आणि त्या अर्धवट माऱ्यात नेमके हे बदललेले विषाणू निवडले जातात. बाळास सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याची चाचणी इथिओपिया, युगांडा व आपल्या पुण्यातील बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार सहा आठवड्यांच्या वयास बाधा ५.३ टक्क्यांऐवजी २.५ टक्के होती. सहा महिन्यांपर्यंत मात्र हा लाभ बराचसा ओसरला, कारण औषध थांबले तरी स्तनपान चालूच होते.

धडा उघड होता. जोवर द्वार उघडे तोवर पहारा हवा. १ जानेवारी २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गर्भिणीस, तिच्या सीडी४ पेशी कितीही असोत, आजन्म तीन औषधांचा उपचार देण्यात येतो. सध्या त्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅविर यांची एकत्रित गोळी असते. अशा उपचाराने संक्रमण कोठवर खाली येते, याचे उत्तर आफ्रिकेतील अनेक केंद्रे व पुणे यांनी मिळून केलेल्या एका मोठ्या चाचणीत मिळाले. स्तनपानाच्या काळात माता औषधे घेत असो वा बाळास नेव्हिरापिन चालू असो, दोन्ही गटांत बाधा सुमारे ०.६ टक्के एवढीच राहिली.

डोल्युटेग्रॅविर आणि आपली भस्मे

इंटिग्रेजच्या कार्यस्थळी मॅग्नेशियमचे दोन आयन असतात. डोल्युटेग्रॅविर आपल्या ऑक्सिजन अणूंच्या चिमट्यात ते दोन्ही आयन पकडते व विकर ठप्प होते. परंतु चिमटा तो चिमटाच. जठरात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियम भेटले तर तो तेथेच त्यांना पकडून बसतो, आणि औषध रक्तात शोषले जात नाही. उपाशीपोटी कॅल्शियम कार्बोनेटबरोबर घेतल्यास रक्तातील औषध सुमारे ३९ टक्क्यांनी, लोहाबरोबर ५४ टक्क्यांनी व मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या आम्लनाशकाबरोबर ७४ टक्क्यांनी घटते.

आता आपल्या गर्भिणीच्या चिठ्ठीकडे पाहावे. शंखभस्म, प्रवाळभस्म, कपर्दिकभस्म, मुक्ताशुक्ती ही कॅल्शियमची. लोहभस्म, मंडूरभस्म, नवायस ही लोहाची. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही द्रव्ये या चिमट्यातून सुटतील असे मानण्यास आधार नाही. म्हणून डोल्युटेग्रॅविर घेणाऱ्या स्त्रीस ही भस्मे देणे आवश्यकच वाटले, तर गोळी भस्माच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, हा आम्लनाशकांसाठी ठरलेला नियम पाळावा. तिने गोळीचे नाव सांगितले नाही तरी 'रोजची काही गोळी चालू आहे का, कधी घेता' एवढे विचारणे प्रत्येक गर्भिणीच्या बाबतीत शक्य आहे. अन्यथा पांडुरोगासाठी प्रामाणिकपणे दिलेले मंडूर नकळत विषाणूची संख्या वाढू देईल, आणि वर सांगितलेल्या तिन्ही द्वारांवर पुन्हा गर्दी होईल.

बाळाची तपासणी

वर ज्या एफसीआरएन ग्राहीचा उल्लेख आला, त्याच्यामुळे एक व्यावहारिक पेच निर्माण होतो. मातेचे प्रतिपिंड बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे बाळाची नेहमीची एचआयव्ही चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तरी तो बहुधा मातेचाच ठसा असतो; त्यावरून बाळ बाधित ठरत नाही, आणि पुढे ती 'निगेटिव्ह' आली म्हणून कोणाच्या औषधाने बाळ बरे झाले असेही ठरत नाही. अशा बाळांचे अहवाल पुढे करून रोगमुक्तीचा दावा करणारे लोक आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या परिशिष्ट 'जे'मध्ये एड्सचा समावेश असल्याने असा दावा करणे हे नियमबाह्यही आहे.

खरा निर्णय विषाणूच्या जनुकद्रव्याच्या चाचणीनेच होतो. ती सहा आठवड्यांच्या वयास, टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबावर करता येते. विलंब परवडणारा नाही. आफ्रिकेतील पाहण्यांत उपचाराविना बाधित बालकांपैकी निम्म्याहून अधिक दोन वर्षांच्या आत दगावली, तर दक्षिण आफ्रिकेतील २००८ च्या चाचणीत पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू केल्याने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. सहा आठवड्यांची चाचणी निर्दोष आली तरी बाळ अंगावर पीत असेतोवर तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. अंतिम निर्णय १८ महिन्यांस होतो. स्तनपान त्यानंतरही चालू असेल, तर ते थांबल्यावर तीन महिन्यांनी.